टर्न-बेस्ड आरपीजीमधील क्वीअर पात्रे ‘वरून चिकटवलेली’ का वाटतात?

प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दोघांचा एक गट टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने खेळायच्या, लढाया असलेली फँटसी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन कथा खेळण्याचा गेम) तयार करत आहे. गेम साधारण दहा तासांचा आहे आणि पार्टीत, म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्या पात्रांच्या चमूत, खेळाडूच्या स्वतःच्या पात्रासह पाच जण आहेत. त्यांपैकी ढालकरी सावनी आणि वैद्य तारा यांचे एकमेकींवर प्रेम आहे, जादूगार निहार हा ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी ठरवला गेलेला पुरुष) आहे आणि वाट दाखवणारे किरण हे पात्र नॉन-बायनरी, म्हणजे स्त्री-पुरुष या दोनच चौकटींत न बसणारे, आहे. पहिल्या प्लेटेस्टनंतर, म्हणजे लोकांना गेम खेळायला देऊन घेतलेल्या चाचणीनंतर, दोन जणांनी एकमेकांशी न बोलता एकच शेरा दिला: पात्रे चांगली लिहिली आहेत, पण त्यांचे क्वीअर (समलिंगी, ट्रान्स किंवा नॉन-बायनरी) असणे वरून चिकटवल्यासारखे वाटते. आता संवाद वाढवावेत की कमी करावेत, आणि खेळाडूला पार्टीतल्या कोणाशीही प्रेम जुळवण्याची मुभा दिली तर हा दोष जाईल का, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

मी गेली बारा वर्षे छोट्या गटांच्या आरपीजींसाठी लढाईची रचना आणि संवादलेखन अशी दोन्ही कामे करतो, आणि मी स्वतः समलिंगी आहे. हे सांगण्याचे कारण असे की या विषयातली माझी सर्वांत मोठी चूक मी स्वतः समलिंगी असूनही माझ्या हातून झाली. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या चुकीतूनच मिळाले.

तुमच्या प्रश्नातच एक आकडा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दहा तासांपैकी सुमारे सहा तास लढाईत जातात, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या पात्रांची नाती मात्र उरलेल्या चार तासांत, त्यातही मुख्यतः मुक्कामाच्या शेकोटीजवळच्या प्रसंगांत दिसतात. लढाई सुरू झाली की सावनी ही जास्त मार सोसणारी सोंगटी होते आणि तारा ही इतरांचे आरोग्य भरून काढणारी सोंगटी होते. खेळाडू सहा तास या सोंगट्या हलवतो आणि मधूनमधून त्याला सांगितले जाते की या दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे. जे स्वतःच्या हाताने केले ते मनात मुरते. जे नुसते वाचले ते त्याच्या शेजारी ठेवल्यावर चिकटवलेले दिसणारच. तुमच्या टेस्टरांनी दोष बरोबर पकडला आहे, पण तो लेखनात शोधू नका. तो लढाईच्या मेनूत आहे.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच कबूल करतो. खेळाडूचे पात्र ठरलेल्या नावाचे आणि स्वभावाचे आहे की कोरे, हे तुम्ही लिहिलेले नाही. मेलेले पात्र कायमचे जाते की लढाईनंतर उठते, हेही कळलेले नाही. या दोन गोष्टींवर माझा सल्ला बराच बदलतो, म्हणून तिथे दोन्ही बाजू लिहीन. तुमचा गेम मराठीत आहे असे प्रश्नाच्या ओघावरून दिसते; ते गृहीत धरले आहे.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी आम्ही केलेल्या एका गेममध्ये ढाल घेणारी एक योद्धी आणि तिची प्रेयसी असलेली तिरंदाज अशी जोडी होती. मेलेले पात्र परत येत नसे. योद्धीला मी ‘आड येणे’ नावाचे कौशल्य दिले होते: पटावर शेजारच्या घरात उभ्या असलेल्या सोबत्यावर वार होणार असेल तर ती मध्ये येई आणि पूर्ण वार स्वतः घेई. तिचे आरोग्य ३० होते आणि मधल्या टप्प्यातल्या शत्रूंचा वार १२ चा. कागदावर हे कौशल्य मला तिच्या प्रेमाचे उत्तम रूप वाटले होते. प्रत्यक्षात तीन वार झाले की ती संपे, आणि जवळजवळ प्रत्येक टेस्टरच्या डावात ती तिसऱ्या प्रदेशापर्यंत पोचण्याआधीच मरे. तिरंदाजाच्या शोकाचा एक प्रसंग मी फार मन लावून लिहिला होता, आणि टेस्टर त्याचीच स्तुती करत. एके दिवशी नोंदी वाचताना माझ्या लक्षात आले की आमच्या गेममधले एकमेव समलिंगी जोडपे, एकीने मरावे आणि दुसरीने रडावे, या एकाच कामासाठी उरले आहे. समलिंगी प्रेमिकांपैकी एकाला मारून कथेत करुणा आणण्याची जुनी वाईट सवय मी कथेत कटाक्षाने टाळली होती; माझ्या नियमांनी ती मागच्या दाराने आत आणली. शोकाचा प्रसंग लोकांना आवडत होता, याचेच मला अधिक वाईट वाटले.

दुरुस्ती संवादात न करता नियमात केली. ‘आड येणे’ काढून टाकले आणि ‘दोघींची ढाल’ असे कौशल्य आणले. दोघी शेजारच्या घरांत असतील तर कोणत्याही एकीवर येणारा वार दोघींत वाटला जाई, म्हणजे १२ चा वार ६ आणि ६ असा पडे. बदल्यात पुढच्या टर्नमध्ये दोघींच्याही तीन कृतींपैकी एक कमी होई. मुख्य म्हणजे पुढाकार कोणीही घेऊ शके. अवघे १८ आरोग्य असलेली तिरंदाजसुद्धा योद्धीसाठी पुढे सरसावू शके. संवादाची एक ओळही बदलली नाही. पुढच्या प्लेटेस्टमध्ये मी मागे बसून पाहत होतो. एका खेळाडूने तिरंदाजाला उंचवट्यावरून, म्हणजे तिच्यासाठी सर्वांत सोयीच्या जागेवरून, खाली आणून योद्धीच्या शेजारी उभे केले. डावपेचाच्या दृष्टीने ती खेळी वाईट होती. का केली असे विचारल्यावर तो म्हणाला, “ती तिकडे एकटी पडली होती.” ते ऐकल्यावर शेकोटीजवळच्या प्रसंगांतले निम्मे संवाद मी निःशंकपणे कापले.

टर्न-बेस्ड गेमची खरी ताकद मला इथे दिसते. वेळ थांबलेली असते, सगळा पट समोर असतो आणि कोणाची टर्न कोणासाठी खर्च करायची हे खेळाडू शांतपणे ठरवतो. वेगवान गेममध्ये तेच काम प्रतिक्षिप्त क्रियेने होऊन जाते. एकाने आपली कृती दुसऱ्यासाठी सोडणे हे टर्न-बेस्ड नियमांत नात्याचे सर्वांत स्वच्छ रूप आहे, कारण त्याची किंमत खेळाडूला आकड्यात दिसत असते. म्हणून ‘शेजारी उभे राहिल्यास हल्ल्यात ५ टक्के वाढ’ अशा प्रकारची बक्षिसे मी सहसा टाळतो. ती प्रत्येक जोडीला सारखीच लागू पडतात, त्यामुळे प्रेम, मैत्री आणि नुसती ओळख यांत फरक उरत नाही, आणि खेळाडू ती हिशेबात धरून विसरून जातो. २०२१ साली पूर्ण झालेल्या ‘वाइल्डरमिथ’ या इंडी (छोट्या स्वतंत्र गटाच्या) गेममध्ये मैत्री, प्रेम आणि चुरस या तीन नात्यांचे लढाईतले परिणाम वेगवेगळे ठेवले आहेत, आणि हे वेगळेपणच मला त्यात शिकण्यासारखे वाटते.

नियम आपण लिहू किंवा न लिहू, ते नात्यांविषयी काहीतरी बोलतच असतात. ‘फॉलआउट २’ (१९९८) ही टर्न-बेस्ड लढायांची आरपीजी समलिंगी लग्नाची सोय देणाऱ्या सुरुवातीच्या गेमांत मोडते, म्हणून तिचा उल्लेख आदराने होतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या लग्नातून पार्टीत येणारा जोडीदार इतर सोबत्यांप्रमाणे लेव्हलने वाढत नाही. थोड्याच वेळात तो ओझे होतो. याउलट ‘फायर एम्ब्लम फेट्स’मध्ये (२०१५) लग्नातून पुढच्या पिढीची पात्रे पार्टीत येतात, आणि नायकाने समलिंगी लग्न केले तर त्याच्या अपत्याचे पात्र त्या डावात मिळतच नाही. कोणत्याही संवादात या नात्याला कमी लेखलेले नसले तरी तक्त्यात एक जागा रिकामी राहते, आणि प्रत्येक टर्नचा हिशेब ठेवणाऱ्या खेळाडूला ती रिकामी जागा लगेच दिसते. तुमच्या गेममध्ये अशी एखादी जागा आहे का, हे शोधण्यासाठी सावनी आणि तारा यांच्याऐवजी एक स्त्री आणि एक पुरुष आहेत असे समजून सगळे नियम एकदा वाचून काढा. कुठेही काही अधिक मिळताना दिसले तर तिथे दुरुस्ती हवी.

‘अंडरटेल’चे (२०१५) उदाहरण याच संदर्भात देतो. टोबी फॉक्स यांच्या या गेममध्ये लढाईच्या मेनूत वार करण्याच्या पर्यायाबरोबर बोलण्या-वागण्याचा आणि दया दाखवण्याचा पर्यायही असतो. अनडाइन आणि अल्फिस या दोघींचे प्रेम त्याच वाटेवर येते: अनडाइनचे पत्र अल्फिसकडे पोचवल्याशिवाय संपूर्ण शांततेचा शेवट गाठता येत नाही. ते प्रेम वगळून गेम पूर्ण करायचा म्हटले तर शेवटच बदलतो. तुमच्या गेममध्ये सावनी आणि तारा यांचे सगळे प्रसंग ऐच्छिक आहेत, ते वगळूनही कथा तशीच पुढे जाते. त्यांतला निदान एक प्रसंग मुख्य वाटेवर आणा, आणि तो संवादाचा असण्यापेक्षा लढाईचा असला तर अधिक चांगले.

आता प्रेम जुळवण्याच्या मुभेचा प्रश्न. खेळाडूचे पात्र कोरे असेल आणि सोबती कोणालाही हो म्हणत असतील, तर प्रत्येक खेळाडूला आपल्या मनासारखे नाते मिळते. ही गोष्ट लहान नाही, आणि मी वाढत्या वयात खेळलेल्या गेमांत ती असती तर मला तिचे फार मोल वाटले असते. लार्यन या स्वतंत्र कंपनीच्या ‘बाल्डर्स गेट ३’ने (२०२३) हाच मार्ग घेतला आहे. त्याच गेममध्ये डेम एलिन आणि इसोबेल या दोघींचे प्रेमाचे नातेही आहे, आणि खेळाडू स्त्री असो वा पुरुष, ते बदलत नाही. माझ्या मते दोन्ही प्रकार एकत्र असणे हेच त्यातले शहाणपण आहे. नुसती मुभा दिली तर सोबत्याचे क्वीअर असणे खेळाडूच्या निवडीवर टांगलेले राहते: खेळाडूने निवडले तर आहे, नाही निवडले तर नाही.

याचे एक नेमके उदाहरण ‘ड्रॅगन एज २’मध्ये (२०११) आहे. त्यातला अँडर्स हा सोबती नायक किंवा नायिका दोघांशीही प्रेम करू शकतो. कार्ल नावाच्या मित्राशी आपले पूर्वी प्रेमसंबंध होते हे मात्र तो खेळाडूचे पात्र पुरुष असेल तरच सांगतो. म्हणजे खेळाडू कोण आहे यावर अँडर्सचा भूतकाळ ठरतो. मुभा द्यायचीच असेल तर एवढे पथ्य पाळा: प्रत्येक सोबत्याचा भूतकाळ प्रत्येक डावात तोच असू द्या, आणि तो खेळाडूशी प्रेम जुळो वा न जुळो, कानावर पडू द्या.

तुमच्या बाबतीत मात्र मी ही मुभा देऊ नका असेच सांगेन, आणि त्याचे कारण बरेचसे कामाच्या हिशेबाचे आहे. पाच जणांच्या पार्टीत दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे तीन टप्प्यांचे संभाषण म्हटले तरी तीस प्रसंग झाले. ते लिहायचे, तपासायचे आणि कथेच्या घडामोडींशी जुळवायचे. दोघांच्या गटाला हे झेपत नाही, आणि ओढूनताणून केले तर सगळी नाती सारखीच पातळ होतात. सावनी आणि तारा आधीच एकमेकींच्या आहेत. त्यांना तसेच राहू द्या, खेळाडूला त्यांच्यामध्ये शिरण्याची वाट ठेवू नका. वाचलेल्या वेळात लढाईतल्या छोट्या आरोळ्या लिहा. मी साधारण एका जोडीसाठी बारा ओळी लिहितो आणि प्रत्येक ओळ एखाद्या घडलेल्या गोष्टीशी बांधतो: दुसरीचे आरोग्य निम्म्याखाली गेले, दुसरीने शेवटचा शत्रू पाडला, दुसरी हाकेच्या टप्प्याबाहेर गेली. “तारा, माझ्या डाव्या बाजूला ये” या एका ओळीत सावनीचा डावा हात ढालीचा आहे, तिला ताराची काळजी आहे आणि ती हुकूम सोडायला कचरत नाही, हे तिन्ही येते.

निहारबद्दल लिहिताना फँटसीचा एक खास पेच समोर येतो, ज्याकडे लेखकांचे दुर्लक्ष होते. तुमच्या जगात रूप बदलण्याची जादू आहे. मग निहारच्या शरीराचा प्रश्न त्या जादूने चुटकीसरशी का सुटत नाही, हे खेळाडू विचारणारच, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल तर तो स्वतःचे उत्तर तयार करील. जादू सगळे क्षणात बदलते असे ठरवले तर निहारचा सगळा प्रवास पुसला जातो; जादू त्याच्यावरच चालत नाही असे ठरवले तर ती शिक्षा वाटते. मला पटलेला मार्ग असा की शरीरावर टिकाऊ परिणाम करणारी जादू ही कोणत्याही उपचारासारखी सावकाश चालते, आणि ती त्या जगात वैद्यांचे नेहमीचे काम आहे. आमच्या एका गेममध्ये अशा पात्राच्या सामानात या उपचाराच्या औषधाची एक छोटी कुपी ठेवली होती. तिच्यावर टिचकी मारली तर दोनच ओळी दिसत: ‘दर मुक्कामी एक घोट. चव कडू, आता सवयीची.’ ती विकता येत नसे आणि संपतही नसे, कारण पार्टीतला वैद्य ती भरून ठेवत असे. ती संपू शकते असा नियम करण्याचा मोह आम्हाला झाला होता, कारण त्यातून चांगला ताण तयार झाला असता. तो आम्ही टाळला आणि तुम्हीही टाळावा असे मला मनापासून वाटते. ज्यांना खऱ्या आयुष्यात औषध वेळेवर मिळेल की नाही याची धास्ती असते, त्यांनी विरंगुळ्यासाठी उघडलेल्या गेममध्ये ती धास्ती साधनसामग्रीचा हिशेब म्हणून पुन्हा भोगू नये.

निहार ट्रान्स आहे हे खेळाडूला कधी कळावे, असाही उपप्रश्न होता. रहस्य उलगडल्यासारखे तर कळूच नये, आणि शत्रूच्या तोंडून अपमान म्हणूनही नको. तुमच्या गेममध्ये तारा वैद्य आहे. कुपी भरताना दोघांत होणारे एक साधे बोलणे पुरेसे आहे, आणि ते गेमच्या पहिल्या तासात असावे.

किरणच्या बाबतीत अडचण भाषेची आहे, आणि हा भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचे किंवा ऐकणाऱ्याचे लिंग उघड करते: मी आलो, मी आले, तू थकलास, तू थकलीस. पण सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात, म्हणजे कर्मणी प्रयोगात, क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘मी वाट शोधली’, ‘मी दोर कापला’, ‘मी दार उघडले’ ही वाक्ये कोणीही म्हणू शकते. ‘मी पुढे जाईन’ हा भविष्यकाळही लिंग सांगत नाही. ‘मला हे पटत नाही’, ‘माझ्या लक्षात आले’ अशा रचनाही ते सांगत नाहीत. ‘मी दमलो’ऐवजी ‘माझ्यात त्राण उरले नाही’, ‘मी आलोच’ऐवजी ‘मला दोन क्षण द्या’ असे लिहीत गेले की किरणची बोलण्याची एक स्वतंत्र ढब तयार होते: कमी शब्दांची, कृतीकडे झुकणारी. वाट दाखवणाऱ्या पात्राला ती शोभूनही दिसते. लढाईच्या नोंदींनाही हेच लागू आहे. ‘किरणने बाण सोडला’ यात अडचण नाही. ‘किरण बेशुद्ध पडला’ याच्या जागी ‘किरणची शुद्ध हरपली’ हवे.

इतर पात्रे किरणशी बोलताना ‘तुम्ही थकलात’ म्हणू शकतात, पण जिवाभावाची माणसे अहोजाहो करत नाहीत. तिथे ‘तुला थकवा आलाय’, ‘तू पाहिलंस ना?’ अशी वाक्ये कामी येतात. किरणविषयी बोलताना आदरार्थी ‘ते’ वापरण्याचा विचार तुम्ही केला आहे. ‘त्यांनी सांगितले’ इथपर्यंत तो चालतो, पण ‘ते आले’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर वयस्कर पुरुष येतो. नपुंसकलिंगी ‘ते आलं’ हे रूप मुलांसाठी आणि प्राण्यांसाठी रुळलेले असल्याने माणसाला लावल्यास अपमान वाटू शकतो. एखादी व्यक्ती ते स्वतःसाठी निवडत असेल तर गोष्ट वेगळी. मी बहुतेक ठिकाणी नाव पुन्हा घेतो किंवा ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ या रूपांवर वाक्य उभे करतो. प्रत्यक्षात अनेक नॉन-बायनरी माणसे पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी रूपेच वापरतात, काही जण दोन्ही आलटून पालटून वापरतात, आणि तेही तितकेच खरे आहे. किरणने तसे केले तरी बिघडणार नाही, फक्त ती किरणची निवड आहे हे दिसले पाहिजे आणि ती सगळीकडे पाळली गेली पाहिजे.

खेळाडूचे पात्र कोरे असेल तर याच कामाची तांत्रिक बाजू लगेच लागेल. चेहरा, आवाज आणि शब्दांची रूपे या तीन स्वतंत्र नोंदी ठेवा. एकीवरून दुसरी ठरवू नका. इंक किंवा यार्न स्पिनरसारख्या संवादाच्या साधनांत अशा नोंदी वाक्यात गुंफता येतात, पण केवळ शेवटचा प्रत्यय बदलण्याची युक्ती मराठीत पुरत नाही, कारण तो, ती, त्याला, तिला, त्याच्या, तिच्या हे सगळेच बदलते. पूर्ण शब्द साठवा, आणि वाक्य फार गुंतागुंतीचे झाले तर सरळ दोनदा लिहा.

इथपर्यंतचा सल्ला असा: नाते नियमात आणा, एक प्रसंग मुख्य वाटेवर आणा, प्रेमाची मुभा देऊ नका, निहारची गोष्ट लवकर आणि साधेपणाने सांगा, आणि किरणसाठी वाक्यरचना बदला. मृत्यू कायमचा असेल तर आणखी एक गोष्ट करा. पंचवीस-तीस डावांच्या नोंदी काढून कोण किती वेळा आणि कशामुळे मरते ते पाहा. सावनी सर्वांत जास्त वेळा मरत असेल तर तिचे आकडे बदला; ढालकरी आहे म्हणजे मरणारच, हे कारण स्वीकारू नका. मृत्यू तात्पुरता असेल तर ही काळजी बरीच कमी होते.

त्या जगात क्वीअर माणसांविषयी दुजाभाव असावा का, या प्रश्नावर माझे मत ठाम नाही, कारण दोन्ही प्रकारचे चांगले काम मी पाहिले आहे. फँटसीत तो असलाच पाहिजे, कारण जुना काळ तसाच होता, हा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही. जिथे आगीचे गोळे फेकले जातात तिथे इतिहासाचा धाक नको. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या फँटसी आरपीजीच्या २०१४ च्या नियमपुस्तकानेसुद्धा पात्राला दोनच लिंगांच्या चौकटीत बसवण्याची गरज नाही असे खेळाडूंना स्पष्ट सांगितले होते. दुजाभाव आणायचाच असेल तर तो कोणीतरी कृतीतून करताना दिसावा, पार्टीला त्याच्याविरुद्ध काही करता यावे, आणि तो येणार आहे हे खेळाडूला आधी कळावे. ‘इकेनफेल’ (२०२०) या टर्न-बेस्ड इंडी आरपीजीत अनेक पात्रे क्वीअर आहेत, आणि त्यात आशयाविषयीच्या सूचना चालू-बंद करण्याची सोय आहे. शिवाय लढाईचे अचूक वेळ साधण्याचे ओझे हलके करण्याचे पर्यायही आहेत. दोघांच्या गटालाही हे करता येण्यासारखे आहे.

संहिता वाचायला ट्रान्स आणि नॉन-बायनरी वाचकांना द्या, त्यांना कामाचे पैसे द्या, आणि चित्रे पूर्ण होण्याआधी द्या, कारण नंतर बदल करण्याची तयारी आपोआप कमी होते. दोन वाचकांची मते परस्परविरुद्ध आली तर गोंधळू नका. निर्णय तुमचाच राहतो, पण आता तो माहितीवर उभा असतो. विक्रीच्या पानावर ही पात्रे क्वीअर आहेत हे लपवू नका. स्टीम आणि इच या गेम विकणाऱ्या दोन्ही संकेतस्थळांवर त्यासाठी टॅग आहेत, आणि ज्यांना असे गेम हवे असतात ते त्या टॅगवरूनच शोधतात.

सुरुवात कुठून करावी, तर एकच लढाई निवडा. दुसऱ्या प्रदेशाच्या शेवटची, जिथे पूल तुटतो आणि पार्टी दोन भागांत विभागली जाते, असे तुम्ही लिहिले आहे. ती त्यासाठी योग्य आहे. सावनी एका काठावर आणि तारा दुसऱ्या काठावर ठेवा, ताराला आपली उपचाराची टर्न सोडून दोर फेकता येईल असे एक कौशल्य द्या, आणि या लढाईआधीचा शेकोटीचा प्रसंग तात्पुरता काढून टाका. मग ही लढाई अशा तीन-चार जणांना खेळायला द्या ज्यांनी गेम पूर्वी पाहिलेला नाही. लढाई चालू असताना काही बोलू नका, कोणाची टर्न कोणासाठी खर्च होते एवढेच लिहून ठेवा, आणि शेवटी त्यांना विचारा की त्या दोघी एकमेकींच्या कोण आहेत असे वाटले. ‘मैत्रिणी असाव्यात’ असे उत्तर आले तर आधी आरोळ्यांच्या बारा ओळी पुन्हा लिहा, आणि त्यानंतरच शेकोटीचा प्रसंग परत ठेवायचा का ते ठरवा.